चहा काही खाणं नव्हे

४ फेब्रुवारी, सोमवार

आज आरोग्य केंद्रात आम्हा स्वयंसेवकांना प्रत्येकी एक जाड वही मिळाली. अभ्यासाचे छापील कागद वेगळे आहेत. त्यांत फक्त चौकटी, हो किंवा नाही. मग वही कशाला, असं मी विचारलं. किसुमू शहरातून आलेले डॉक्टर म्हणाले, चौकटीत मावणार नाही ते यात लिहा, आम्ही ती मागणार नाही. सातवी सुटल्यापासून प्रार्थनासभेच्या नोंदींखेरीज मी फारसं काही लिहिलेलं नाही. पण अक्षर अजून सरळ येतं.

काम असं आहे. माझ्या वाट्याच्या बावीस घरांत सहा ते नऊ महिन्यांची बाळं आहेत. ती अंगावर पितात, एकच डब्याच्या दुधावर आहे, दुसऱ्या टेकड्यांवर तशी आणखी थोडी. दोन्ही दुधांतलं लोह बाळाच्या अंगी किती लागतं ते पाहायचं आहे. बाळाला दुधातून थोडं खूण केलेलं लोह पाजतात. ते नेहमीच्या लोहाहून किंचित जड असतं, एवढाच फरक. चौदा दिवसांनी रक्त घेऊन त्यातलं किती रक्तात उतरलं ते मोजतात. त्याआधी घरोघर जाऊन बाळ काय खातं-पितं ते लिहून आणायचं, ते माझं काम.

डॉक्टरांचं एक वाक्य माझ्या मनात बसलं. आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं, पण बाळ त्यातलं पुष्कळसं शोषून घेतं. डब्याच्या दुधात कारखान्यात भरपूर घालतात, आणि त्यातलं बरंचसं तसंच बाहेर जातं. म्हणजे देवाने थोडं दिलं, पण लागू पडेल असं दिलं. पुढे ते सहाव्या महिन्यानंतरच्या कसल्याशा साठ्याबद्दल बोलत होते, पण मी अजून पहिल्याच वाक्यावर होतो.

बावीसपैकी एक घर माझं आहे. माझी नात कागेहा सव्वासात महिन्यांची झाली.

६ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवसांत सतरा घरं झाली. प्रश्न सोपे आहेत. बाळ अंगावर पितं का? हो. त्याखेरीज काही देता का? दात येईपर्यंत आमच्याकडे काही देत नाहीत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी नाही. मी ठळक फुल्या मारतो.

माझ्या घरचा कागद आज भरला. हे प्रश्न इमालीला, माझ्या सुनेला, विचारायचे होते. पण सासऱ्याने सुनेशी दुधाच्या गोष्टी काढायच्या हे काही बरं दिसत नाही. ती आमच्याकडे येऊन तीन वर्षं झाली, मी बसलेला असेन तर ती त्या खोलीत जेवतही नाही. तसंच असायला हवं. मुलगा जुम्बा नैरोबीत पहाऱ्याच्या नोकरीवर आहे, त्याला फोनवर काय विचारणार? म्हणून बायकोला विचारलं. ती कागेहाला मांडीवर घेऊन चहा पीत होती आणि मधूनमधून चमच्याने तिलाही पाजत होती. अंगावरच्या दुधाखेरीज काही? ती म्हणाली, छे, काही नाही. मी फुली मारली. मग तिने मलाही कप भरून दिला. आमच्याच मळ्यातली पत्ती, दूध जास्त घातलेलं. छान झाला होता.

१० फेब्रुवारी, रविवार

सभेत आज बोललो. आधी थोडा वेळ सगळे गप्प बसलो होतो. गाणी आणि प्रवचन पुष्कळ वाढलं तरी आमच्या आजोबांनी जपलेली ती क्वेकर पंथाची, गप्प बसून प्रार्थना करायची शांतता अजून टिकून आहे. मग मला उठावंसं वाटलं. मी म्हणालो, आईचं दूध म्हणजे ओंजळभर पाणी, एक थेंब सांडत नाही. डब्याचं दूध म्हणजे अंगावर ओतलेली बादली, तोंडात जेमतेम घोट. माणसाला देवाचं देणंही असंच घेता आलं पाहिजे. दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. कागेहा माझ्या बायकोच्या खांद्यावर होती. तासभर हूं की चूं नाही, नुसती डोळे उघडून पडलेली. शेजारची बाळं रडत होती, ही नाही. म्हातारे म्हणतात ही जन्मानेच क्वेकर आहे. शिवाय रंगाने उजळ. हाताचे तळवे तर जवळजवळ पांढरे. बायको म्हणते माझ्या आत्यावर गेली.

बाहेर व्हिहेंदाने गाठलं. ती माझ्या चुलत्याची मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, विधवा. तिची मुलगी अरबांच्या देशात घरकामाला गेली आणि दोन महिन्यांच्या लुगालियाला हिच्यापाशी ठेवून गेली. तो डब्याच्या दुधावर आहे. मुलगी तिकडून डबे पुरवते.

"हेझ्रॉन, ओंजळीचं छान सांगितलंस," ती म्हणाली. "पण ओंजळीतच पाणी थोडं असलं तर पोरगं काय, तुझं प्रवचन पिणार?"

मी म्हणालो, अगं, मी तुला नाही बोललो. ती म्हणाली, बाटली या टेकडीवर माझ्याच घरात आहे, मग काय धर्मगुरूला बोललास?

तिला लागलं असणार. पण खरं ते खरं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

पानं तोडायला गेलो. इमाली पुढच्या ओळीत होती. पूर्वी तिची टोपली माझ्याआधी भरायची, हल्ली ती मधेच खाली बसते. बाजारातून ते मऊ पांढरट दगड आणून खात असते, कमरेच्या पिशवीत ठेवलेले असतात. बायका खातात. माझी आईही खायची.

उरलेली पाच घरं झाली. एका घरात म्हातारीने दारच उघडलं नाही, रक्त विकायला नेतात म्हणाली. मी सांगितलं, पहिल्यांदा माझ्याच नातीचं घेणार आहेत. मग उघडलं.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

आज आरोग्य केंद्रात बाळांची पहिली तपासणी. टाचेला टोचून एक थेंब, तो छोट्या यंत्रात घातला की आकडा येतो. अकराच्या वर हवा. फार खाली असेल त्या बाळाला अभ्यासात घेत नाहीत, आधी उपचार करतात. मी कागेहाला रांगेत पहिलं उभं केलं, म्हणजे कडेवर घेऊन बायको उभी राहिली आणि मागे इमाली.

सिस्टर जेरोटिच शेजारच्या नांदी लोकांतली मुलगी, वयाने जुम्बाएवढी असेल. तिने यंत्राकडे पाहिलं, मग पुन्हा टोचलं. दुसऱ्यांदाही तोच आकडा. सात पूर्णांक एक. तिने कागेहाचा तळवा स्वतःच्या तळव्याशेजारी धरला, खालची पापणी ओढून पाहिली, आणि हिवतापाची पट्टी लावली. ती स्वच्छ निघाली. टोचलं तेव्हा कागेहा रडली नाही, याचं मला आधी कौतुक वाटलं होतं.

"बाबा, हिला अभ्यासात घेता येणार नाही," सिस्टर म्हणाली. "हिच्यात रक्तच नाही."

मागे एकवीस बाळं आणि त्यांच्या आया होत्या. सगळ्यांनी ऐकलं. लुगालियाचा आकडा अकरा पूर्णांक तीन आला. व्हिहेंदाने त्याला पाठीशी बांधलं आणि निघाली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी, बुधवार

यंत्र चुकलं असेल असं वाटलं. मग आठवलं, दोनदा टोचलं होतं.

देवाने थोडं दिलं आणि लागू पडेल असं दिलं, हे मी चारचौघांत उभं राहून सांगितलं. ते खोटं नाही. मग कुठे गेलं ते?

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

सिस्टर जेरोटिच घरी आली. लोहाच्या थेंबांची बाटली घेऊन आली होती. आधी तिने कागेहा काय खाते ते विचारलं. मी कागद दाखवला, फक्त आईचं दूध. ती म्हणाली, पावणेआठ महिने झाले आणि अजून दुसरं काहीच नाही? मी डॉक्टरांचं वाक्य सांगितलं. ती म्हणाली ते बरोबर आहे, पण अर्धं. बाळ पोटातून येतानाच आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहा महिन्यांत संपतो. त्यानंतर ओंजळ कितीही चांगली प्याली तरी पुरत नाही. आणि आईच्याच अंगात कमी असेल तर साठाही कमीच येतो. हे बोलताना तिने दाराकडे पाहिलं. इमाली तिथे उभी होती. कमरेच्या कापडाच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होती.

एवढ्यात बायकोने चहा आणला. पाहुणीला, मला, आणि स्वतःचा कप घेऊन ती कागेहाला मांडीवर घेऊन बसली. फुंकर मारून एक चमचा तिच्या तोंडात दिला.

सिस्टरने कप खाली ठेवला. "हे काय पाजताय आई?"

"चहा."

"तुम्ही तर म्हणालात दुधाखेरीज काही नाही."

"मग? चहा काही खाणं नव्हे."

बायको खरंच बोलत होती. आमच्याकडे कोणी आलं की चहा, निघालं की चहा, आजारी असलं की चहा. कोणी चार दिवस नुसत्या चहावर काढले तर आपण म्हणतो, बिचाऱ्याच्या पोटात चार दिवस काही नाही. कागेहा तिसऱ्या महिन्यापासून पितेय. सकाळ, दुपार, संध्याकाळ. हे मी रोज पाहत होतो. कागद भरत होतो तेव्हाही पाहत होतो.

सिस्टरने बिनदुधाचा चहा मागितला. त्यात बाटलीतले पाच-सहा थेंब टाकले. चहा काळा झाला, शाईसारखा. छाटणी करताना ओलं पान कोयत्याला लागून राहिलं तर असाच डाग पडतो, घासून जात नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. ती म्हणाली, पोटात हेच होतं. चहा लोहाला धरतो आणि बाहेर घेऊन जातो. दुधाबरोबर आलेली ती एवढीशी ओंजळही.

बायको त्या कपाकडे बघत राहिली. नंतर तिने तो अंगणात लांब, कुंपणाबाहेर नेऊन ओतला.

थेंब सकाळ-संध्याकाळ द्यायचे. चहा बंद. नाचणीची पेज, कुस्करलेला घेवडा, अंडं, मिळेल तेव्हा कलेजी. दातांची वाट बघायची नाही. थेंब देण्याचं काम बायकोने स्वतःकडे घेतलं.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

बावीस कागद पुन्हा भरले. आता वेगळं विचारतो. या घरात चहा कोण कोण पितं? सगळे, म्हणतात. सगळे म्हणजे बाळसुद्धा? हो, त्याला थोडा. बावीसपैकी अठरा घरांत. व्हिहेंदाकडे नाही. डब्यावर जे लिहिलंय ते ती शेजारच्या शाळामास्तरांकडून वाचून घेते आणि त्यात एक चमचा कमी-जास्त करायला घाबरते. "माझी मुलगी परक्यांची फरशी पुसून हा डबा पाठवते," ती म्हणाली. "त्यात मी चहा घालू?"

सिस्टरजवळ डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. लिहिलं की माझ्या आधीच्या अठरा फुल्या चुकीच्या आहेत, बाळांची चूक नाही, आयांची नाही, विचारणाऱ्याची आहे. काम काढून घेतलं तरी चालेल.

२ मार्च, शनिवार

काम काढून घेतलं नाही. छापील कागदात चहाची वेगळी चौकट आली आहे. डॉक्टरांनी निरोप पाठवला की दुसऱ्या टेकड्यांवरच्या स्वयंसेवकांनाही हेच सापडलं. आम्ही सगळेच चहा पिऊन कागद भरत होतो.

लुगालियाला परवा खूण केलेलं लोह पाजलं. दोन आठवडे तो माझ्या घरातलं सगळ्यांत किमती भांडं आहे, म्हणते व्हिहेंदा.

३ मार्च, रविवार

सभेत उठलो आणि सांगितलं, तीन आठवड्यांपूर्वी मी ओंजळीबद्दल बोललो ते अर्धंच होतं. मग उरलेलं अर्धं सांगितलं, चहासकट. कोणी मान डोलावली नाही. चहाच्या टेकडीवर चहाबद्दल बोलणं सोपं नाही. प्रार्थना संपल्यावर सवयीप्रमाणे चहा आला. मोठ्यांनी घेतला, मीही घेतला. आयांपैकी दोघींनी बाळाच्या तोंडापुढचा कप हळूच बाजूला केला. मी मोजत नव्हतो, दिसलं.

घरी सगळं नीट चाललंय. कागेहा पेज खाते. आता फक्त वाट बघायची.

१४ मार्च, गुरुवार

हे जसं झालं तसं लिहितो.

सकाळी मळ्यात होतो. इमाली माझ्या ओळीच्या टोकाला येऊन थांबली. पाठमोरी. अशा वेळी ती दुसऱ्या ओळीत निघून जाते, आज गेली नाही. पानं तोडत राहिली, पण टोपलीत टाकत नव्हती, हातातच धरत होती.

"बाबा," ती म्हणाली, "थेंब बंद आहेत. सहा दिवस झाले."

मी विचारलं, कोणी बंद केले. तिने घराकडे पाहिलं, म्हणजे उत्तर दिलंच.

मग मी विचारलं जे विचारायला नको होतं, तिला कागेहाचं आधीपासून काही जाणवत होतं का. ती म्हणाली, पाचव्या महिन्यापासून. पिता पिता थकून झोपते, तळवे माझ्या आईकडच्या बाळांसारखे नाहीत. आईंना सांगितलं. आई म्हणाल्या उजळ आहे म्हणून. तुम्हाला सांगायची सोय नव्हती.

"तुम्ही सगळ्यांच्या घरी जाऊन विचारलंत," ती म्हणाली. "मला नाही विचारलंत."

तिचा आवाज चढला नव्हता. पानं तिने जमिनीवर टाकली आणि दुसऱ्या ओळीत गेली. तीन वर्षं ते अंतर मी चांगुलपणा म्हणून सांभाळलं होतं.

१५ मार्च, शुक्रवार

काल बायकोशी बोलता आलं नाही. आज बोललो.

बाटली माझ्यासमोर ठेवली. ती म्हणाली, हो, बंद केलेत. कागेहाची शी काळी होतेय, डांबरासारखी. त्या मुलीने कपात दाखवलं ना, तेच पोटात होतंय. मी म्हणालो, सिस्टर म्हणाली होती की लोहाने शी काळी होते, त्यात भिण्यासारखं काही नाही, मीच तुला सांगायला विसरलो. ती म्हणाली, सिस्टरने मिनायोला पाहिलं नव्हतं.

मिनायो आमचं दुसरं मूल. जुम्बाच्या पाठची. आठ महिन्यांची होऊन गेली, त्याला बावीस वर्षं झाली. या वहीत काय, मी तिचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. जाण्याआधी चार दिवस तिची शी काळी झाली होती. मला ते आठवत नव्हतं. बायकोला दिवस, वेळ, कोणत्या फडक्यात, सगळं आठवतं.

"ती पण अशीच होती," बायको म्हणाली. "उजळ. कधी रडायची नाही."

बाहेर कागेहा पेजेचं भांडं चमच्याने वाजवत होती.

मग तिने विचारलं, "तिलाही मीच पाजायचे ना चहा?"

तिला तेव्हा ताप होता, दवाखाना दूर होता, रक्त कोणी पाहिलं नाही. मिनायो कशाने गेली ते देवाला ठाऊक. मी एवढंच म्हणालो की चहा मीच पिकवतो.

आज याहून जास्त लिहवत नाही.

१६ मार्च, शनिवार

सकाळी बायकोने बाटली घेतली, इमालीला हाक मारली, आणि तिच्यासमोर थेंब मोजून कागेहाच्या तोंडात दिले. नंतर बाटली इमालीच्या हातात दिली. संध्याकाळचे तू दे, म्हणाली. रोज शी मला दाखव.

इमालीसाठीही गोळ्या आल्या आहेत. सिस्टरला मीच सांगितलं होतं, त्या दगडांबद्दल. अंगात लोह कमी असलं की तसं खावंसं वाटतं, म्हणाली, आणि तिचा आकडाही खाली आला.

३१ मार्च, रविवार

पंधरा दिवसांत लिहिण्यासारखं काही नव्हतं. पेज, घेवडा, थेंब. मधे दोन दिवस कागेहाचं पोट घट्ट झालं, सिस्टरने पाणी वाढवायला सांगितलं, उतरलं. बाजारातून सुक्या बारीक मासळीची पूड आणली, इमाली ती पेजेत घालते. मला त्या पुडीचा वास सहन होत नाही, कागेहाला होतो.

इमालीशी मी आता दोन वाक्यं बोलतो. सकाळचं एक, संध्याकाळचं एक. ती दाराशी उभी राहून उत्तर देते. अजून बसत नाही. चालेल.

आज सभेतल्या शांततेत कागेहा इतकी ओरडली की इमालीला बाहेर जावं लागलं. धर्मगुरू नंतर म्हणाले, हेझ्रॉन, तुझा क्वेकर बिघडला. मी म्हणालो, थोडा बिघडू दे.

९ एप्रिल, मंगळवार

लुगालियाचं दुसरं रक्त गेल्या महिन्यातच दिलं गेलं. निकाल परदेशातून यायला वर्ष लागेल. व्हिहेंदाला वाटलं होतं लगेच कळेल. सिस्टर तिला म्हणाली, साधारण आम्हाला अंदाज आहे. डब्यातून बाळाला शेकडा थोडंच लागतं, पण घातलेलंच इतकं असतं की थोडं म्हटलं तरी पुरतं. व्हिहेंदाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बादलीही वाईट नाही.

"हे सभेत सांग," ती म्हणाली. "मी पुढच्या रांगेत बसते."

सांगणार आहे. आईचं दूध चांगलं ते चांगलंच, त्यातला शब्द मागे घेणार नाही. पण व्हिहेंदाने लुगालियाला जीव लावून वाढवलाय आणि आम्ही तिच्या बाटलीकडे असं पाहत होतो जणू ती काही लपवतेय.

१७ एप्रिल, बुधवार

सिस्टर जेरोटिच तपासणीला घरी आली. यंत्र बरोबर आणलं होतं. कागेहाने टाच टोचून घेताना तिच्या पांढऱ्या टोपीला हात घातला आणि ओढली. रडली, आणि मग सिस्टरलाच मारायला लागली. 

नऊ पूर्णांक नऊ.

अजून अकरा नाही, सिस्टर म्हणाली. आणखी दीड महिना थेंब चालू ठेवायचे, मग मी पुन्हा बघेन. पण हातातून निसटत होती ती आता नाही. इमालीचंही पाहिलं. तेही चढलंय. बायकोने काही न बोलता आत जाऊन कोंबडा धरला. आमच्याकडे पाहुण्याचे आभार एवढ्याच शब्दांत मानतात.

कोंबड्याचंही लिहायला हवं. आमच्याकडे त्याचा पेटा, पोटातला तो घट्ट गोळा, घरच्या कर्त्या पुरुषाचा. बायको तो न कापता अख्खा शिजवते आणि सगळ्यांत वर ठेवून आणते. पाहुण्यांसमोर पेटा आला की कळतं या घरात कोण बोलतं. तिच्या आईच्या पिढीत तर बायका कोंबडी खातच नसत. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, एकदाही माझं ताट पेट्याशिवाय आलेलं नाही.

आज आलं. सिस्टरसमोर बसलो होतो. ताटात मक्याच्या पिठाची घट्ट उकड होती, रस्सा होता, पाठ, एक पंख आणि मान. मी बोटाने रस्सा जरा बाजूला केला. वाटलं खाली असेल. कलेजीही दिसली नाही. सिस्टर दुसरीकडे पाहत होती, पण तिच्या ओठांचा कोपरा हलत होता. पाहुण्यांसमोर मागायचं कसं? पंख उचलला आणि खाली पाहिलं. तिथेही नव्हता.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. भिंतीपलीकडून तिला माझा हातही दिसत नाही, तरी.

"काय शोधताय जुम्बाचे बाबा? कलेजी कागेहाच्या पोटात गेली. पेटा इमालीला दिलाय, ती चावतेय अजून. मान आहे ताटात, ती खा."

आत कोणीतरी हसलं. इमालीच असणार. तिचं हसणं मी याआधी कधी ऐकलेलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही.

मी मान खाल्ली. चांगली शिजली होती.